खालून तिसरा खण

१

वहिनींचा फोन आला तेव्हा मी एका पायावर उभा राहून बुटावर कापडी पिशवी चढवत होतो. सर्व्हरच्या हॉलमध्ये धूळ जाऊ नये म्हणून ही पिशवी घालायचीच, असा नियम. हॉल आज कायमचा बंद होणार होता, संध्याकाळी सहाला वायरमन खालून विजेचा मेन पाडणार होता, आणि उद्यापासून आत धूळच काय, हत्ती शिरला तरी कोणी विचारणार नव्हतं. पण अकरा वर्षांची सवय. पिशवी घातल्याशिवाय माझा पाय आत पडत नाही.

"भाऊजी, आज शेवटचा दिवस ना तुमचा तिथला?"

"हो वहिनी."

"एक काम होतं. यांची ती स्क्रूची डबी. गोल, पत्र्याची. ऑफिसातून सामान आलं त्यात नव्हती. तीन वर्षं झाली, आता कुठली मिळायची म्हणा. पण दिसली तर आणा."

"बघतो."

"नाही मिळाली तरी या एकदा. तुम्ही येतच नाही हो."

मी काहीतरी पुटपुटलो आणि फोन ड्रॉवरमध्ये टाकला. मोबाइल आत न्यायचा नाही, हाही नियमच.

आमच्या जागेत खोल्या दोन. बाहेरची कन्सोलची: एक टेबल, संगणकाचा एक पडदा, वायरचा एक जुना फोन आणि एक फिरती खुर्ची. मग दार, आणि दारापलीकडे हॉल. दाराला मोठी काच आहे, पण वरच्या अर्ध्या भागावर इतक्या सूचना चिकटवल्या आहेत की उभ्या माणसाला पलीकडचं काही दिसत नाही. हॉलमध्ये माणसापेक्षा उंच लोखंडी रॅकच्या सहा रांगा. प्रत्येक रॅकला खण, आणि खणाखणात चपटी मशीनं. एके काळी अशी दोनशे बारा होती आणि त्यांना सांभाळायला आम्ही आठ जण. मशीनं दुसरीकडे गेली, त्यांच्यामागून माणसं गेली. शेवटची नऊ काढायला मला ठेवलं होतं. खोलीला कुलूप लावायला कोणीतरी लागतंच.

मदतीला फोनवर एक बाई होत्या. त्या दूरच्या कुठल्याशा इमारतीत बसून माझ्याकडची यादी त्यांच्या पडद्यावर बघायच्या. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. मी त्यांना ताई म्हणायचो, त्या मला काका. त्यांच्या आवाजावरून वय काढलं तर काका म्हणणं त्यांचा हक्कच होता.

२

निळ्या दिव्याचं आधी सांगायला हवं.

सगळी मशीनं दिसायला सारखी. त्यातलं बिघडलेलं एक शोधायचं म्हणजे चुकीच्या मशीनची वायर उपटायची भीती फार. म्हणून प्रत्येकाला समोर एक निळा दिवा असतो आणि दिव्याशेजारी बटण. एकाने कन्सोलवर बसून हव्या त्या मशीनचा दिवा लावायचा. दुसऱ्याने आत जाऊन निळा उजेड शोधायचा आणि बटण दाबायचं. आत पंख्यांचा गोंगाट इतका, की हाक मारण्यात अर्थ नसतो. बटण दाबलं की दिवा आणि कन्सोलवरची खूण विझते, पुन्हा दाबलं की लागते, आणि बाहेरच्याला समजतं. एकदा दाबलं म्हणजे 'सापडलं, आता माझं मी बघतो.' तीनदा दाबलं म्हणजे 'इकडे ये.' हे कुठल्या पुस्तकात नाही. ही माझी आणि सावकाशची भाषा.

सावकाश म्हणजे माझा जोडीदार. स्क्रू फिरवताना, जिना चढताना, कोणी रागावलं तरी, त्याच्या तोंडी एकच शब्द. त्याचं खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. खिशात ती पत्र्याची डबी, तिच्यात सुटे स्क्रू. तो रांगेतून चालू लागला की डबी वाजायची, आणि पंखे जरा मंदावलेले असले तर मला बाहेर बसून कळायचं की स्वारी कुठवर पोचली. आठ वर्षं मी तो आवाज ऐकला.

त्या दिवशी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मी एका मशीनचा दिवा लावला. चौथी रांग, दाराकडून पहिला रॅक, खालून तिसरा खण. सावकाश आत गेला. मी खूण विझायची वाट बघत बसलो. एक मिनिट झालं, दोन झाली. दाराकडून पहिला रॅक शोधायला माणसाला किती वेळ लागावा? कुठे जायचं नव्हतं मला, घरी कोणी वाट बघत नव्हतं. नुसता कंटाळा आला. त्याच्या सावकाशपणाचा त्या दिवशी मला मनापासून कंटाळा आला. मी कन्सोल बंद केला आणि निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पहारेकऱ्याला तो दिसला. चौथ्या रांगेत, रॅकला टेकून बसलेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. क्षणात गेला असेल, त्याला कळलंही नसेल.

मला सगळ्यांनी विचारलं. मी म्हणालो, दिवा विझला, म्हणजे सापडलं असं त्याने कळवलं, मगच मी उठलो. वहिनींनाही हेच सांगितलं. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "तुम्ही होतात जवळ, तेवढं बरं वाटतं." पहारेकरीही म्हणाला की दिवा कुठला लागलेला नव्हता. म्हणजे मी गेल्यावर लगेच त्याने बटण दाबलं असणार आणि मग तो कोसळला असणार. माझं खोटं चार-दोन मिनिटांचं होतं. तीन वर्षं मी स्वतःला हे सांगत आलो, आणि तीन वर्षं वहिनींच्या घराची पायरी चढलो नाही.

ते मशीन मी महिन्याभरात स्वतःच्या हाताने काढून भंगारात दिलं. त्याच्या आतली नोंदवही उघडून बघितली नाही. मशीनला काय काय झालं, कोणी दिवा लावला, कधी बटण दाबलं, सगळं त्यात लिहिलेलं असतं.

३

नऊ मशीनं काढायला चार तास लागले. मशीन बंद करायचं, वायरी सोडवायच्या, दोन्ही बाजूंचे स्क्रू काढायचे आणि ड्रॉवर ओढावा तसं पुढे ओढायचं. वजन चांगलं पंचवीस किलो. पूर्वी दोघं मिळून उचलायचो. आता मी चाकांचा गाडा पुढ्यात ओढून त्यावर घेत होतो आणि कंबरेला शिव्या देत होतो.

एकेक बंद होताना हॉलचा आवाज उतरत गेला. या खोलीत शांतता कशी असते ते मला माहीतच नव्हतं. सहा उरली तेव्हा माझ्या पिशव्यांचा फरफर आवाज ऐकू यायला लागला. दोन उरली तेव्हा माझा श्वास. नववं बंद केलं आणि पंख्यांची गरगर हळूहळू विरत गेली.

पण संपली नाही. एक पंखा कुठेतरी चालूच होता.

थंड हवेचं यंत्र म्हणावं, तर ते मी दुपारीच बंद केलं होतं. कान एकीकडे वळवला की आवाज दुसरीकडून आल्यासारखा वाटे. मी म्हटलं, अकरा वर्षं कानात पंखे गेले, आता डोक्यातच एक फिरत राहणार. पेन्शनसारखा.

बाहेर येऊन फोन उचलला. "ताई, नऊच्या नऊ निघाली. झालं काम."

"नऊ कुठली काका, दहा आहेत," ताई म्हणाल्या. "एक अजून चालू दिसतंय मला. चार, एक, तीन."

चौथी रांग, पहिला रॅक, खालून तिसरा खण.

"ते कधीच गेलं भंगारात," मी म्हणालो. "मीच दिलं."

"मग उत्तर कोण देतंय?" त्या हसल्या. "दिवा लावते, जाऊन बघा. काखेत कळसा असेल तुमच्या."

४

रॅक रिकामा होता. तिसऱ्या खणावर झाकायची पत्र्याची पट्टी होती, ती मीच तेव्हा लावलेली. चार स्क्रू सोडवून काढली. आत मोकळं. पलीकडच्या रांगेतली फरशी आरपार दिसली. निळा उजेड नव्हता. मी सहाही रांगा पुढून बघितल्या, मागून बघितल्या, जमिनीच्या दोन फरश्या उचलून खालच्या पोकळीत बॅटरी मारली. वायरी होत्या, गुंडाळलेल्या.

परत फोनपाशी आलो.

"सापडलं ना?" ताईंनी विचारलं. "बटण दाबलंत तुम्ही, दिवा विझला इथे."

"मी नाही दाबलं."

"काका, पुढचं बटण दाबलं असंच दाखवतंय. हाताने. बरं, आणखी एक. हॉल किती थंड आहे तुमचा?"

"एकोणीस आहे अजून."

"हे मशीन समोरून हवा घेतंय ती छत्तीसची. कोणी अगदी समोर बसलं असेल, तर होईल का इतकी?"

मी बुद्धी चालवायला लागलो. भंगारवाल्याने आतला बोर्ड काढून विकला असणार. दुरुस्तीवाल्याने तो दुसऱ्या मशीनमध्ये बसवला असणार, आणि जुना नंबर घेऊन ते मशीन भलत्याच इमारतीत चालू असणार. तिथे कोणी बटण दाबत असेल, तिथला हॉल गरम असेल. अशी गोष्ट मी एकदा ऐकलीही होती. ताईंना सांगितली, त्यांना पटली. मलाही बरीचशी पटली.

"यात जुन्या नोंदी आहेत," त्या म्हणाल्या. "वाचू का? त्यावरून कळेल कुठलं ते."

"नको."

"मग तुमच्या पडद्यावर पाठवून ठेवते. पाच वाजले, मला उठायचंय. मुलीला आणायचंय शाळेतून."

"ताई," मी म्हणालो, "मी आणखी एकदा आत जाऊन बघतो. दिवा लावा, आणि तो विझेपर्यंत तेवढं थांबाल का?"

माझाच आवाज मला कसनुसा वाटला. म्हातारा माणूस पोराला म्हणतो तसा, जरा बस ना.

"थांबते की," ताई म्हणाल्या.

मी आत गेलो. काही नव्हतं. पाच मिनिटांत परत येऊन फोन उचलला तर नुसती रिंग वाजत राहिली. पडद्यावर त्यांचा निरोप होता: 'काका, बटण दाबलं गेलंय म्हणून सापडलं असं लिहिते. यादी पूर्ण. काळजी घ्या.' वेळ, पाच वाजून दोन मिनिटं. मी आत शिरलो आणि त्या उठल्या. रागावायला मला तोंड नव्हतं.

५

निरोपाखाली नोंदी होत्या. न वाचता कुलूप लावून जाता आलं असतं. तास होता हाताशी. वायरमन वर येऊन बजावून गेला, "सहाला मेन पाडतो काका, आत राहू नका." मी मान हलवली आणि खुर्चीत बसलो.

तारीख तीच होती.

चार वाजून दहा: दिवा लावला, कन्सोलवरून.
चार वाजून बारा: कन्सोल बंद.

दोन मिनिटं. मी त्याला दोन मिनिटं दिली होती. मला पाच तरी आठवत होती.

चार वाजून सव्वीस: बटण. बटण. बटण.

तीनदा. इकडे ये.

चार एकोणतीस: तीनदा. चार एकतीस: तीनदा. मग पाचच्या सुमाराला बराच वेळ काही नाही आणि पुन्हा तीनदा. पडदा खाली सरकवत गेलो. नोंदी संपेनात. कधी दोनच वेळा दाबलेलं, तिसऱ्याला बोट पोचलं नसावं. सहा वाजता, साडेसहाला, सात वाजून दहा मिनिटांनी.

मशीनचं घड्याळ बिघडतं. आतली बॅटरी संपली की ते वाट्टेल ती वेळ लिहितं, हे मला चांगलं ठाऊक आहे. मी त्याचं आत्ताचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघितलं. सेकंदाचाही फरक नव्हता.

शेवटची ओळ सात वाजून अठ्ठेचाळीसची. एकदाच.

सापडलं, आता माझं मी बघतो.

त्यानंतर काही नव्हतं. म्हणून पहारेकऱ्याला दिवा दिसला नव्हता. क्षणात गेला असेल, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि त्या एका वाक्यावर मी तीन वर्षं झोपलो होतो. तीन तास बावीस मिनिटं तो मला बोलावत होता.

मी तोंडावर हात धरून बसलो. खूप वेळ बसलो असेन. नजर वर गेली तेव्हा पडद्यावरची खूण लागली होती. चार, एक, तीन. मी बघता बघता ती विझली, लागली, विझली. थांबली. मग पुन्हा तीनदा.

घड्याळात सहाला सात मिनिटं कमी होती.

६

बुटावर पिशव्या न घालता मी पहिल्यांदाच आत गेलो.

हॉलमधले दिवे लागलेले होते, तरी चौथ्या रांगेत फरशीवर निळा डाग दिसत होता. वाढायचा, नाहीसा व्हायचा. मी रॅकपाशी गुडघे टेकले. खणात काही नव्हतं. पलीकडची फरशी आरपार दिसत होती आणि त्या मोकळ्या जागेतून निळा उजेड येत होता. हात घातला. ऊब लागली, चालत्या मशीनच्या तोंडाशी लागते तशी. पंख्याचा आवाज आता कानाशी होता.

पळून जावंसं वाटलं, हे कबूल करतो. पण गेलो नाही. सावकाश जसा बसलेला सापडला म्हणून पहारेकऱ्याने सांगितलं होतं, तसा मी रॅकला पाठ टेकून खाली बसलो. फरशी गार होती.

बसल्यावर मान आपोआप दाराकडे गेली. उभा असताना जिथे नुसते कागद दिसायचे, तिथे खाली बसल्यावर सूचनांच्या खालची स्वच्छ काच समोर आली. काचेतून टेबलाची कड दिसली, आणि टेबलापुढे माझी खुर्ची. रिकामी. चित्रात दाखवावी इतकी नीट.

आठ वर्षं आम्ही या हॉलमध्ये वावरलो, पण इथे खाली कोणी कधी बसलं नव्हतं. खुर्ची इथून दिसते हे मला माहीतच नव्हतं. सावकाशला माहीत होतं. बटण दाबायचं आणि खुर्चीकडे बघायचं. तीन तास बावीस मिनिटं.

"मी गेलो होतो रे," मी मोठ्याने म्हणालो. "कंटाळा आला म्हणून गेलो होतो."

मग हात मागे नेला. बोटांना पत्रा लागला, पत्र्यानंतर बटण. रिकाम्या खणात बटण कुठून येईल, हा विचार मी केला नाही. तीनदा दाबलं.

खुर्चीत कोणीतरी होतं.

आधीपासून होतं की आत्ता बसलं, सांगता येणार नाही. पडद्याच्या उजेडापुढे मान आणि खांदे, पाठ माझ्याकडे. वाट बघणारा माणूस बसतो तसं, जरा पुढे झुकून. मी तीनदा दाबल्यावर ती मान वर झाली. खुर्चीच्या हातांवर हात टेकले गेले. तो उठायला लागला. एकेक सांधा सोडवत, घाई न करता. पण उठला. मी उठलो नव्हतो.

तेवढ्यात सहा वाजले. वायरमनने मेन पाडला आणि सगळं गेलं: दिवे, पडदा, निळा डाग, तो पंखासुद्धा. डोळ्यांपुढे काळोख आणि कानात काहीच नाही.

दाराचा खटका वाजला.

मग डबी वाजली. पत्र्यात स्क्रू. एक पाऊल, एक खुळखुळ. दारापासून चौथी रांग फार तर पंचवीस पावलं, पण तो आवाज यायला किती वेळ लागला. मधे थांबे, पुन्हा निघे. मी अंधारातच डोळे घट्ट मिटून घेतले. आवाज अगदी जवळ आला आणि कोणीतरी खाली वाकताना सोडतं तसा श्वास गालाला लागला. माझ्या उजव्या हाताशी फरशीवर काहीतरी ठेवल्याचा टक् असा आवाज झाला.

नंतर कोणी परत गेल्याचं मला ऐकू आलं नाही.

७

"काका, सांगितलं होतं ना आत थांबू नका?" वायरमनने बॅटरी तोंडावर मारली. "पडलात काय?"

"नाही. बसलो होतो."

उजेडात हात बघितला. मुठीत गोल पत्र्याची डबी होती.

डबी तीन वर्षांपूर्वी घरंगळून रॅकखाली गेली असेल, चाचपडताना माझ्या हाताला लागली असेल. असं होऊ शकतं. मी यावर पैज लावायलाही तयार आहे, फक्त तिच्यावर धुळीचा कण नव्हता.

हॉलला कुलूप लावलं, किल्ली खाली दिली आणि बाहेर पडलो. घरी जायचा रस्ता डावीकडे. डबी टपालानेही पाठवता आली असती, मिळाली नाही असंही सांगता आलं असतं. एवढं खोटं मला जड नव्हतं. पण डबी हातात ठेवली की वहिनी विचारणार, कुठे सापडली. आणि तिथून सुरुवात केली की सात अठ्ठेचाळीसपर्यंत थांबता येणार नव्हतं. त्यांना 'तुम्ही होतात जवळ' एवढाच आधार होता, तोही मी काढून घेणार होतो. तो ठेवावा की काढावा, हे मला अजून कळत नव्हतं. मी उजवीकडे वळलो.

तिसरा मजला. दारावर अजून त्याच्याच नावाची पाटी, खरं नाव, जे आम्ही कोणी कधी घेतलं नाही. मी बेल एकदा दाबली. आत लगेच हालचाल झाली नाही. जिन्यातला दिवा आपोआप विझला. वहिनी बाहेर गेल्या असतील, पुन्हा केव्हातरी येऊ, असं मनात आलं आणि मी निघायला वळणार, तोच खिशात डबी वाजली. मी हललो नव्हतो.

आतून पावलं आली. गुडघे दुखणाऱ्या बाईची, हळूहळू, भिंतीला धरत.

"आले हं," वहिनी आतून म्हणाल्या. "थांबा, जाऊ नका."

"थांबलोय," मी म्हणालो. "सावकाश या."